टोकाकडून

करुणाची ऑर्डर आली कुरखेड्याची.
ग्रामीण रुग्णालय, सात दिवसांत रुजू व्हा.
जाताना तिनं फ्रिजवर कागद लावला :
गॅसचा नंबर, मैथिलीची औषधं, दूधवाल्याचा हिशोब.
केसांचं लिहायचं राहून गेलं.

मैथिलीचे केस कमरेपर्यंत.
पहिल्या सकाळी मी कंगवा घातला तो थेट टाळूतून,
मनपावाले रस्ता झाडतात तसा.
दोन दाते मोडले, पोट्टी रडली,
खाली ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

इतवारीत गेलो. टिकल्या, रिबिनी, पिनांच्या बोळात
बन्सीलालनं काउंटरवर अकरा ब्रश मांडले.
"केस कसे? जाड का पातळ? कुरळे का सरळ?"
इतके प्रश्न आमचं लग्न ठरवतानाही
कोणी कोणाला विचारले नव्हते.
गोल ब्रश : "ड्रायरवाल्यांचा. गुंतला तर कैचीच लागते."
नायलॉनचा, टोकांना गोळे नसलेला,
मी मनगटावर ओढून पाहिला, पांढरे ओरखडे उठले.
एक मऊ, दाट, काळा. त्याबद्दल तो हळूच बोलला,
"डुकराचे केस आहेत, घरी चालतात का विचारून घ्या."
शेवटी लाकडी घेतला. रबराची गादी, विरळ दाते,
गादीला एक बारीक भोक.
"हे भोक काऊन?"
"श्वास घ्याले," तो म्हणाला.

तांडापेठेत घरी आबाजी खाटेवर.
हातमाग विकून एकवीस वर्षं झाली,
बोटं अजून हवेत धागा सांधतात.
माझं चाललेलं पाहून म्हणाले,
"अरे, ताणा असा मधातून ओढते का कोणी?"
मग पाजणीचं सांगितलं.
पहाटे गल्लीभर ताणा पसरायचा, खळ लावायची,
दोघांनी दोन बाजूंनी कुंचा फिरवत जायचं.
गाठ दिसली की तिच्या खालून सुरुवात.
वरून ओढतो तो गाठ आवळतो.
"अन् वरतं डाव्या हातानं धरून ठेव.
ओढ तुझ्या हातात राह्यली पाहिजे, तिच्या डोक्यात नाही."

मे आला. सेहेचाळीस.
केस ब्रशमागे उठून यायचे, तडतड करत.
लाईट गेलेल्या रात्री, कूलर गप्प असताना,
मैथिली म्हणायची, "बाबा, फटाके करा ना."
अंधारात निळं काहीतरी चमकायचं.
सकाळी मी तळहाताला तेलाचा एक थेंब लावू लागलो.

रविवार ब्रशचा. आधी कंगव्याच्या शेपटीनं
आठवडाभराचं जाळं उचलायचं,
मग कोमट पाणी, शाम्पूचे दोन थेंब, जुना टूथब्रश.
बुडवून ठेवायचा नाही.
एकदा ठेवला, भोकातून पाणी शिरलं,
दोन दिवस गादी गुळगुळ बोलत होती.
वाळवायचा पालथा, टॉवेलवर, सावलीत.
नागपुरात त्याला पंधरा मिनिटं पुरतात.
केस एका पिशवीत. केस घेणारी बाई आली तेव्हा
तिनं तराजू काढलाच नाही,
मैथिलीच्या हातात एक फुगा दिला.

दुसऱ्या शनिवारी पहाटे करुणा आली, बसमध्ये रात्र काढून.
चहाच्या आधी तिनं ब्रश उचलला,
आणि सवयीनं, वरून.
"आई, खालून. टोकाकडून."
करुणा थांबली. माझ्याकडे पाहिलं,
मग फ्रिजवरच्या कागदाकडे.

वेणी झाली. मैथिली गच्चीवर पळाली.
करुणानं अंबाडा सोडला. टेबलावर पिनांचा ढीग,
मानेशी घामानं बसलेली एक जुनी गुंत.
फरशीवर बसली, माझ्याकडे पाठ करून,
काही बोलली नाही.
मी वरतं डाव्या हातात धरलं.

आबाजी खाटेवरून पाहत होते.
मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.